नसाब ते ग्रामसभा : पोहरादेवी परिसरातील निर्णय आणि त्यांची वार्ता

ग्रामसंस्थांच्या इतिहासाचा अभ्यास बहुधा अधिनियमांच्या अनुक्रमाने केला जातो. कोणत्या वर्षी कोणता कायदा झाला, पंचायतीस कोणते अधिकार मिळाले, कर कोणी बसवावा, सभा किती वेळा भरवावी, ह्या प्रश्नांची उत्तरे त्या पद्धतीने मिळतात. परंतु एक प्रश्न तिच्यात सहसा उपस्थित होत नाही. पंचांनी केलेला निर्णय ज्यांना पाळावयाचा असतो त्या रहिवाशांच्या कानी तो कसा पडत असे, आणि कोणत्या भाषेत? निर्णय व त्याची वार्ता ह्या दोन गोष्टी वेगळ्या मानण्याची सवय लिखित कारभारामुळे जडली आहे. ज्या समाजाचा कारभार शतकानुशतके तोंडी चालला, त्याच्या बाबतीत मात्र ही विभागणी कधी व कशी झाली हे तपासल्याखेरीज त्याच्या स्थानिक स्वराज्याचा इतिहास पुरा होत नाही.

अशा तपासणीस वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवीचा परिसर विशेष सोयीचा आहे. येथे जगदंबेचे स्थान आणि संत सेवालाल महाराजांची समाधी असून बंजारा समाज ह्या क्षेत्रास आपली काशी मानतो. सेवालाल महाराजांचा जन्म परंपरेप्रमाणे १७३९ साली आजच्या आंध्र प्रदेशातील गुत्ती परिसरात झाला व १८०६ साली त्यांनी देह ठेवला. रामनवमीच्या यात्रेस महाराष्ट्राबरोबरच तेलंगण, आंध्र व कर्नाटक ह्या प्रांतांतूनही लोक येतात. एकीकडे मराठी भाषेत चालणारी ग्रामपंचायत, दुसरीकडे गोरबोली बोलणारे तांडे, आणि त्यांच्या मध्यभागी तीन-चार राज्यांतील लोकांना एकत्र आणणारे क्षेत्र अशी येथील रचना आहे. निर्णयाची वार्ता कोठून निघते आणि कोठे अडते, हे अशा ठिकाणी स्पष्ट दिसते.

तांडा : एका शब्दाचा प्रवास

मराठीत ‘तांडा’ ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत. उंटांचा किंवा बैलांचा तांडा म्हणजे चालणारा समूह. आणि डोंगराच्या कडेला दिसणारा तांडा म्हणजे वस्ती. एकाच शब्दात गती व स्थैर्य असे परस्परविरोधी अर्थ नांदावेत, ह्यामागे एका समाजाचा इतिहास आहे. लदेणीच्या बैलांवर धान्य व मीठ लादून बंजाऱ्यांचे तांडे दख्खनभर फिरत. मोगल सैन्यांचा दाणागोटा त्यांनी पुरविला, तसाच १८०३ च्या युद्धात वेलस्लीच्या फौजेचाही पुरविला. त्या युद्धातील अडगाव व गाविलगड येथील लढाया वऱ्हाडातच झाल्या. १८६७ साली मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपुरास पोहोचला, आणि पुढील काही वर्षांत खामगाव व अमरावती ही कापसाची पेठेही त्यास जोडली गेली. बैलाच्या पाठीवरील व्यापार त्यानंतर टिकणे शक्य नव्हते. चालणारा तांडा थांबला. पण तो जुन्या गावात मिसळून गेला नाही. पाण्याच्या व चराईच्या सोयीने गावापासून काही अंतरावर तो स्वतंत्रपणे वसला आणि आपले जुने नाव त्याने नव्या वस्तीस दिले. पुष्कळ तांडे तो वसविणाऱ्या नायकाच्या नावाने ओळखले जातात, हीदेखील त्या प्रवासाचीच खूण होय.

गावापासूनचे हे अंतर पुढील सर्व विवेचनाच्या मुळाशी आहे. महसुली दप्तरात गाव होते. तांडा हा त्या गावाच्या शिवारातील एक वस्ती एवढाच होता. शेतसाऱ्याची नोंद गावाच्या नावे होई, पाटील गावचा असे, चावडी गावात असे. तांड्यास स्वतःची सीमा नव्हती, आणि ज्यास सीमा नाही त्यास दप्तरात नावही सहजी मिळत नाही.

नसाब : ऐकणाऱ्यांची सभा

तथापि तांड्यास स्वतःची शासनव्यवस्था होती, व ती गावच्या व्यवस्थेपेक्षा कमी रेखीव नव्हती. तांड्याचा प्रमुख तो नायक. त्याच्या हाताखाली कारभारी. हिशेबाचे काम पाहणारा हसाबी, तंट्यांचा न्याय पाहणारा नसाबी, आणि वयाने व अनुभवाने ज्येष्ठ असे डायसाणे, अशी ह्या व्यवस्थेची अंगे सांगितली जातात. न्यायनिवाड्यासाठी भरणाऱ्या बैठकीस नसाब म्हणत. ह्या पदनामांची घडण लक्षणीय आहे. ‘नायक’ संस्कृत परंपरेतील, ‘कारभारी’ फारसीच्या वाटेने आलेला, ‘हसाबी’ अरबी ‘हिसाब’शी नाते सांगणारा. वाटेत भेटलेल्या प्रत्येक राजवटीचा शब्द ह्या समाजाने उचलला व आपल्या कारभारास लावला. तांड्याची पंचायत जगापासून तुटलेली होती ही समजूत ह्या एवढ्या पुराव्यावरूनच ढासळते.

गोरबोलीचे स्थानही येथे ध्यानी घ्यावयास हवे. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या नवव्या खंडात, १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या भागात, ही बोली ‘बंजारी अथवा लभाणी’ ह्या नावाने नोंदली गेली आणि तिचे नाते राजस्थानी-गुजराती समूहाशी जोडले गेले. षष्ठीचा ‘रो-री’ हा प्रत्यय आजही ते नाते उघड करतो. तिची स्वतंत्र लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत, कर्नाटकात कन्नड लिपीत, तेलंगणात तेलुगू लिपीत लिहिली जाते. ह्या बोलीत ‘गोर’ म्हणजे आपला माणूस आणि ‘कोर’ म्हणजे परका. नसाब ही गोरांची सभा, चावडी ही कोरांची जागा. भाषेनेच ही सीमा आखून दिली होती.

नसाबीचे कामकाज लिहून ठेवले जात नसे. म्हणून निर्णय टिकवावयाचा तर तो पुष्कळांनी ऐकलेला असणे आवश्यक होते. सोयरीक ठरविण्याचा विधी ह्याचे उत्तम उदाहरण आहे. नायक व पंच ह्यांच्या समक्ष बोलणी होऊन गूळ वाटला व खाल्ला गेला म्हणजे सगाई पक्की झाली. कागद नाही, सही नाही. ज्यांनी ज्यांनी गूळ खाल्ला ते सर्व साक्षीदार. ठराव आणि त्याची प्रसिद्धी ह्या दोन क्रिया येथे एकाच क्षणी घडतात. निर्णय आधी झाला व मग तो लोकांना कळविला, असे म्हणण्यास वावच राहत नाही. लोकांना कळणे हाच निर्णयाचा शेवटचा टप्पा होता. तंट्यातील दंडाचेही तसेच. तो सर्वांदेखत सांगितला जाई, सर्वांदेखत भरला जाई, आणि तंटा मिटल्याची वार्ता वेगळी पसरवावी लागत नसे.

ह्या व्यवस्थेचे गुणगान करून थांबणे मात्र इतिहासास धरून होणार नाही. नायकपद बहुधा वंशपरंपरेने चाले. नसाबीत बोलण्याचा अधिकार पुरुषांचा होता; ज्या स्त्रियांच्या विवाहाचे, काडीमोडीचे व पुनर्विवाहाचे प्रश्न तेथे सुटत, त्यांचा शब्द क्वचितच विचारला जाई. निर्णय लिहिलेला नसल्यामुळे त्याविरुद्ध दाद मागावयाची तर ती कशाच्या आधारे मागावी, हा प्रश्न होताच. सर्वांनी ऐकलेले सर्वांना सारखेच आठवते असेही नाही. वाद पडल्यास बलवानाची आठवण खरी ठरते. बहिष्कार हे तर सर्वच जातपंचायतींचे सर्वांत कठोर शस्त्र. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला व तो २०१७ पासून अंमलात आला, त्यामागे राज्यातील अनेक समाजांच्या पंचायतींचा हा अनुभव उभा होता.

चावडी आणि दवंडी

वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. वाशीम पुढे स्वतंत्र जिल्हा झाला. १९०५ च्या फेररचनेत तो मोडला, वाशीम व मंगरूळ हे तालुके अकोल्यास आणि पुसद तालुका यवतमाळास जोडला गेला. पोहरादेवीचा परिसर आणि पुसदकडील तांडे ह्यांच्यामधून अशी जिल्ह्याची रेघ गेली. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा पुन्हा निर्माण झाला. परंतु पुसद यवतमाळातच राहिले. सोयरिकी, यात्रा व नायकांचे परस्परसंबंध ह्या रेघेस जुमानीत नव्हते. दप्तर मात्र तिच्यापलीकडे पाहत नव्हते.

गावचा कारभार पाटील व पटवारी ह्यांच्या हाती होता. १९०० सालच्या वऱ्हाड पाटील-पटवारी कायद्याने त्यांची कर्तव्ये निश्चित केली. सरकारी हुकूम चावडीवर वाचला जाई व दवंडी पिटून गावास कळविला जाई. दवंडी ही त्या काळची खरीखुरी वार्तासंस्था होती. पण तिची मर्यादा आवाजाची मर्यादा होती. गल्लीच्या टोकापर्यंत ती पोहोचे, शिवारापलीकडील तांड्यापर्यंत पोहोचलीच तर चुकून. शिवाय ती मराठीत होती. त्यामुळे सरकारी वार्ता तांड्यात येण्याची वाट एकच : नायकास चावडीवर बोलावून सांगावयाचे आणि त्याने आपल्या लोकांस गोरबोलीत समजावयाचे. नायक हा केवळ न्यायाधीश राहिला नाही, तो दुभाषी झाला. त्याचे महत्त्व इंग्रजी अमदानीत घटण्याऐवजी काही अंशी वाढले, त्याचे हे एक कारण असावे.

तांड्यासंबंधी सरकारने लिहिले, पण ते बहुतांशी पोलिसांच्या नजरेतून. बंजाऱ्यांवरील टिपण लिहिणारे कंबरलेज हे वऱ्हाडच्या पोलीस खात्यातील अधिकारी होते. त्यांचे टिपण १८८२ मध्ये पुन्हा छापले गेले, आणि १९१६ साली रसेल व हिरालाल यांनी आपल्या ग्रंथात त्याचा मोठा आधार घेतला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा काळ तो हाच. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. ‘विमुक्त’ ही संज्ञा त्यातून आली आणि महाराष्ट्रातील विमुक्त जातींच्या यादीत बंजारा समाजाचा समावेश झाला. दप्तरात तांड्याचे नाव आले ते असे. कारभारी लोकसंस्था म्हणून त्याची दखल घेतली जाण्यास अद्याप अवकाश होता.

अधिनियमांचा काळ

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर मध्यप्रांत-वऱ्हाडात पंचायत अधिनियम झाला (१९४७ चा पहिला). त्यात ग्रामपंचायतींबरोबर न्यायपंचायतींचीही योजना होती. १९५६ साली विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ येथेही लागू झाला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन होताच लोकशाही विकेंद्रीकरणाचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष वसंतराव नाईक. समितीचा अहवाल १९६१ मध्ये आला. त्यावर आधारलेला जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम १ मे १९६२ पासून अंमलात आला. बलवंतराय मेहता समितीने १९५७ साली गटपातळीवर भर दिला होता. नाईक समितीने जिल्हा हा मुख्य घटक मानला.

वसंतराव नाईक यांचा जन्म १ जुलै १९१३ रोजी पुसद तालुक्यातील गहुली येथे, एका तांड्यात झाला. त्यांचे वडील फुलसिंग हे त्या तांड्याचे नायक. ‘नाईक’ हे त्यांचे आडनाव म्हणजे मुळात ते पदच होय. कुळाचे नाव राठोड. महाराष्ट्राच्या ग्रामीण कारभाराचा आराखडा ज्या समितीने आखला, तिच्या अध्यक्षाच्या नावातच नसाबीच्या प्रमुखाचे पद होते. हा योगायोग केवळ मौजेचा म्हणून सोडून देण्याजोगा नाही. १९६३ ते १९७५ ह्या काळात वसंतराव मुख्यमंत्री होते. तांड्यातील माणूस राज्याच्या सर्वोच्च स्थानी बसला. पण तांडा ही वस्ती अधिनियमाच्या व्याख्येत गाव ठरली नाही. अधिनियमास महसुली गाव हवे होते. तांडे त्या गावांच्या ग्रामपंचायतींचे प्रभाग झाले.

जुन्या गावातही ह्याच सुमारास मोठा बदल झाला. वंशपरंपरागत महसुली पाटीलकी १९६२ च्या कायद्याने संपुष्टात आली. चावडीवरचा पाटील गेला, सरपंच आला. फारसी ‘सर’ आणि संस्कृत ‘पंच’ ह्यांच्या जोडणीचा हा शब्द नसाबीतील पदनामांचाच भाऊबंद शोभतो. तांड्यातील नायकपद कोणत्याही कायद्याने रद्द केले नाही, कारण कोणत्याही कायद्याने ते मान्यच केलेले नव्हते. ते तसेच, दप्तराबाहेर, चालू राहिले.

ठरावाची भाषा

नव्या पंचायतीबरोबर नवी भाषा आली. रघुवीर यांनी नागपुरात पारिभाषिक संज्ञांचे काम आरंभिले होते. महाराष्ट्रात १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६२ मध्ये पदनाम कोश निघाला आणि १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम झाला. मराठी ही कारभाराची भाषा व्हावी ही दीर्घ काळाची आकांक्षा होती व ती योग्यच होती. इंग्रजी हुकुमापुढे हतबल असलेला मराठी शेतकरी आता आपल्या भाषेत अर्ज करू लागला. परंतु सूचक, अनुमोदक, इतिवृत्त, गणपूर्ती, तहकूब, अधिमूल्य असल्या शब्दांनी जी कारभारी मराठी घडली, ती वऱ्हाडी बोलणाऱ्यासही अर्धीच आपली होती. गोरबोली बोलणाऱ्यास ती दुहेरी परकी झाली : एकदा मराठी म्हणून, आणि पुन्हा कारभारी मराठी म्हणून. जनगणनेत ही बोली हिंदीच्या सदराखाली मोजली जाते, त्यामुळे कागदोपत्री ह्या अडचणीस आकारच येत नाही. जी भाषा वेगळी मोजली जात नाही, तिच्यात सूचना द्यावी असा आग्रह कोणी व कशाच्या बळावर धरावा?

अधिनियमाने ग्रामसभेस मोठे स्थान दिले. १९९३ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ते अधिक दृढ केले. सभेची सूचना पंचायतीच्या कार्यालयात लावावी व दवंडीनेही जाहीर करावी अशी नियमांची अपेक्षा आहे. वर्षातून किमान चार सभा व्हाव्यात, स्त्रियांची सभा आधी भरावी, असेही दंडक आले. स्त्रियांसाठी प्रथम एक-तृतीयांश व २०११ पासून निम्म्या जागा राखीव झाल्या. नसाबीत जिचा शब्द विचारला जात नव्हता ती स्त्री कायद्याने सरपंचाच्या आसनावर बसू लागली. हा लाभ लहान नव्हे. लिखित ठरावाविरुद्ध दाद मागता येते, त्याची प्रत मागता येते. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्यानंतर तर ती नाकारणेही कठीण झाले. तोंडी निर्णयास हे संरक्षण कधीच नव्हते.

मग उणे काय राहिले? निर्णय व वार्ता ह्यांची फारकत. ग्रामसभेत ठराव मराठीत मांडला जातो, मराठीत लिहिला जातो आणि फलकावर मराठीत लागतो. फलक कार्यालयापाशी, कार्यालय गावात, तांडा दूर. शिवाय ऊसतोडीसाठी तांड्यांतील कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर घर सोडतात व उन्हाळ्यात परततात. प्रजासत्ताकदिनाची ग्रामसभा त्यांच्यापुरती भरतच नाही. घरकुलाच्या यादीत नाव आले की नाही, पाणीपट्टी वाढली काय, रस्ता कोणत्या बाजूने जाणार, ह्या वार्ता त्यांना कळतात त्या जुन्याच वाटेने : कोणीतरी गावात जाऊन येतो व नायकाच्या अंगणात आपल्या बोलीत सांगतो. कायद्याने ज्याची नोंद घेतली नाही ते अंगण अशा रीतीने कायद्याचेच काम विनामोबदला करीत आले. आणि सांगणाऱ्याने निवडून सांगितले, तर ऐकणाऱ्यास ते पडताळण्याचे साधन नाही. नसाबीचा दोष ग्रामसभेच्या काळातही असा दुसऱ्या दाराने आत येतो.

तुलना आणि निष्कर्ष

हा प्रश्न इतर राज्यांनी वेगळ्या रीतीने हाताळला आहे. तेलंगणाने २०१८ च्या पंचायत अधिनियमाने पाचशेहून अधिक लोकसंख्येच्या तांड्यांना स्वतंत्र ग्रामपंचायती दिल्या. तेथे लंबाडा समाज अनुसूचित जमातींत आहे ही गोष्टही ह्यास पोषक ठरली. कर्नाटकाने तांड्यांना महसुली गावांचा दर्जा देण्यास आरंभ केला व जानेवारी २०२३ मध्ये पन्नास हजारांहून अधिक कुटुंबांना तेथे हक्कपत्रे दिली गेली. महाराष्ट्रानेही २०२४ साली संत सेवालाल महाराजांच्या नावे तांडा समृद्धी योजना काढून महसुली दर्जाच्या व स्वतंत्र ग्रामपंचायतीच्या अटी शिथिल करण्याचे धोरण स्वीकारले. वस्तीस सीमा मिळाली म्हणजे कार्यालय जवळ येईल, फलक जवळ येईल. अंतराचा प्रश्न त्याने सुटेल. भाषेचा प्रश्न मात्र त्याने आपोआप सुटणार नाही. कारण नव्या पंचायतीचे इतिवृत्तही त्याच शब्दांत लिहिले जाईल.

पोहरादेवी येथे ३ डिसेंबर २०१८ रोजी ज्याची पायाभरणी झाली ते बंजारा विरासत संग्रहालय ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते खुले झाले. त्याचा आकार नंगाऱ्याचा आहे. नंगारा हे ह्या समाजाचे वाद्य. भक्तीत आणि लोकांना एकत्र बोलावण्यात त्याचे स्थान आहे. गावात दवंडी, तांड्यात नंगारा : दोन्ही चामड्याची वाद्ये, दोहोंचे काम ‘या आणि ऐका’ हे सांगण्याचे. परंतु दवंडी निर्णय झाल्यावर पिटली जाई, आणि नंगारा सभा भरण्यापूर्वी वाजे. ह्या क्रमभेदातच दोन संस्थांचे वेगळेपण साठलेले आहे. एकीत लोक निर्णयाचे श्रोते होते, दुसरीत निर्णयाचे साक्षीदार.

साक्षीदार असूनही ज्यांना दाद मागता येत नव्हती त्यांना लिखित ठरावाने दादीचा हक्क दिला. त्याच ठरावाने त्यांचे साक्षीपण काढून घेतले. दोहोंपैकी एक निवडावयाचे असे बंधन इतिहासाने घातलेले नाही. ठराव मराठीत लिहावा आणि सभा उठण्यापूर्वी तो गोरबोलीत वाचून दाखवावा, ह्यास कोणत्याही अधिनियमाची आडकाठी नाही. ग्रामपंचायतीच्या इतिहासकारांनी इतिवृत्ताच्या वह्या जरूर तपासाव्यात. पण वहीतील प्रत्येक ठरावापाशी थांबून तो किती जणांनी ऐकला व त्यांपैकी किती जणांस तो समजला, हेही त्यांनी विचारले पाहिजे. स्थानिक स्वराज्य ज्या गावी खरोखर रुजले, त्या गावी ह्या दोन संख्यांत फारसे अंतर आढळू नये.